औषध खिडकीवरच्या गोळ्यांसाठी आधी पैसे ठेवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मी नाशिकला सिडकोत मेडिकल चालवते. डी.फार्म करून सतरा वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं स्वतःचं दुकान आहे. तुमच्या पेपरात आरोग्य योजनांच्या बातम्या येतात, कार्ड वाटपाचे फोटो येतात, पाच लाखांपर्यंत मोफत उपचार असं मोठ्या अक्षरात येतं, ते वाचून खूप दिवस लिहायचं मनात होतं पण दुकानातून वेळ मिळत नव्हता. आज रविवार, दुपारी शटर खाली आहे म्हणून लिहायला बसले. पत्र मोठं झालंय, जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

माझ्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये एक कात्री असते. ती गोळ्यांचं पाकीट कापायला लागते. दहा गोळ्यांचं पाकीट असतं आणि माणसाकडे चार गोळ्यांचे पैसे असतात तेव्हा ती काढायची. एक्सपायरी छापलेली बाजू आपल्याकडे राहिली पाहिजे म्हणून दुसऱ्या टोकाने कापायचं, हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकले. आमच्या गल्लीमागे राहणाऱ्या एक बाई आहेत, चार घरची धुणीभांडी करतात, नवरा अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. त्यांना शुगर आहे. महिन्याच्या वीस तारखेनंतर त्या आल्या की मला कळतंच, "ताई, चारच कापा, पगार झाला की बाकीच्या नेते." चार गोळ्या म्हणजे दोन दिवस, कारण दिवसाला दोन घ्यायच्या असतात, पण त्या एकच घेतात आणि चार दिवस पुरवतात. मी समजावून सांगते, कधी उधार देते, पण माझ्या उधारीच्या वहीत अशी तीस-चाळीस नावं आहेत आणि मलाही होलसेलरचं बिल एकवीस दिवसांत द्यावं लागतं.

या बाईंकडे ते कार्ड आहे बरं का. प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्डासोबत जपून ठेवलंय. त्यांनी एकदा मला विचारलं, ताई हे कार्ड तुमच्याकडे चालतं का. नाही चालत. ते अ‍ॅडमिट झाल्यावर चालतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना असो की आयुष्मान, आजार वाढून माणूस बेडवर पडला, यादीतल्या पॅकेजमध्ये बसला, की कार्डाचं काम सुरू होतं. त्याआधीची दहा-पंधरा वर्षं, म्हणजे रोजची गोळी, तीन महिन्याची रक्ताची तपासणी, डॉक्टरची फी, हे सगळं त्या बाईच्या पदराला गाठ मारलेल्या पैशातून.

हे मला आधीपासून माहीत होतं पण आतपर्यंत कळलं ते आमच्या नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. निफाड तालुक्यात आमचं गाव, दीड एकर, कांदा करतात. त्यांना बीपी आहे हे गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या तपासणीत कळलं, तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करतात त्यात, आशाताई स्वतः घरून घेऊन गेल्या होत्या. किती चांगली गोष्ट आहे बघा, दुखत खुपत नसताना सरकारने आजार शोधून दिला. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातून दर महिन्याला गोळ्या मिळायच्या आणि नाना त्या नेमाने घ्यायचे. मग एका महिन्यात साठा संपला. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. गेले. अजून आला नाही म्हणाले. जायला यायला जीपचे चाळीस रुपये आणि अर्धा दिवस जातो, तोही कांदा काढणीच्या दिवसांत. तिसऱ्या खेपेनंतर नानांनी जाणं सोडलं आणि गोळीही सोडली. मला सांगितलं नाही. मी मेडिकलवाली, माझ्या मागच्या रॅकमध्ये तीच गोळी पाच कंपन्यांची पडलेली असते, पण लेकीच्या घरचं फुकट कसं घ्यायचं हा त्यांचा स्वभाव. मी फोनवर विचारायचे गोळी घेता ना, तर हो म्हणायचे.

अडीच महिन्यांनी एका सकाळी ओट्यावर बसून तोंड धूत होते, तांब्या हातातून निसटला आणि तोंड एका बाजूला गेलं. आईने शेजाऱ्यांना हाक मारली, १०८ आली, नाशिकला आणलं. योजनेत असलेल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये घेतलं, तिथल्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड, आधार बघून दोन तासांत मंजुरी आणली आणि नऊ दिवस नाना तिथे होते, त्यातले पाच आयसीयूत. वरखर्च सोडला तर बिल आम्हाला भरावं लागलं नाही. हे मी मनापासून सांगते, ते कार्ड नसतं तर आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या असत्या आणि दीड एकरातला अर्धा एकरही गेला असता, आमच्या गावात असं झालेलं मी पाहिलंय. त्यामुळे कार्ड बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही.

पण नाना घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापासून खाली लोंबत होता. शर्टाची बटणं अजूनही आई लावते. फिजिओथेरपीवाला घरी यायचे चारशे रुपये घ्यायचा, ते कार्डात नाही. घरी सोडताना पुढच्या दहा दिवसांच्या गोळ्या योजनेतून मिळाल्या. अकराव्या दिवशी आम्ही परत त्याच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीसमोर.

मी हिशोब करत बसते, तो धंद्याचा गुण आहे. नानांची गोळी म्हणजे अ‍ॅमलोडिपिन ५ मिलीग्रॅम. जन औषधी केंद्रात दहा गोळ्यांचं पाकीट दहा रुपयांच्या आत मिळतं, आणि सरकार लाखोंनी खरेदी करतं तेव्हा त्याहूनही स्वस्त पडत असणार. म्हणजे वर्षभराची गोळी तीन-साडेतीनशे रुपयांत होते. ती दिली नाही म्हणून पाच दिवस आयसीयू. गोळीही सरकारची आणि आयसीयूचं पॅकेजही सरकारचं, दोन्ही आपल्याच करातले पैसे. मग एका ठिकाणी दोन तासांत मंजुरी आणि दुसऱ्या ठिकाणी अडीच महिने "अजून आला नाही", हे असं का होतं, तेच मला या पत्रात लिहायचंय.

आरोग्याचा पैसा म्हणजे खरंतर भिशी आहे. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे, सगळ्या भरतात, ज्या बाईचा नंबर लागला ती उचलते. आरोग्याच्या भिशीत नंबर नसतो, ज्याच्यावर वेळ आली त्याने उचलायची, आणि ज्याच्यावर आली नाही त्याने देवाचे आभार मानून हप्ता भरत राहायचा. काही देशांत हा हप्ता पगारातून कापतात, जर्मनीत १८८३ पासून तसं चालू आहे, मालक आणि कामगार दोघं भरतात. आपल्याकडे ईएसआय, म्हणजे कामगार विमा, तशीच आहे, १९४८ च्या कायद्याने आलेली, कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. सातपूर, अंबडच्या कामगारांना ती माहीत आहे, पण पगार २१ हजारांच्या वर गेला की माणूस त्यातून बाहेर, आणि शेतकरी, भाजीवाला, रिक्षावाला तर कधी आतच नव्हता. इंग्लंडसारख्या देशात थेट करातून होतं, तिथे १९४८ च्या जुलैपासून सरकारी आरोग्यसेवा आहे, डॉक्टरकडे जाताना खिशात हात घालावा लागत नाही. आपल्यासारख्या देशात, जिथे बहुतेकांचा पगार कुठल्या रजिस्टरवर नाहीच, तिथे करातूनच करावं लागणार हे उघड आहे. आणि कर गरीब भरत नाही असं कुणी म्हणू नका, ती धुणीभांडी करणारी बाई साबणाच्या वडीवर जीएसटी देतेच की. भिशीचा हप्ता ती भरते.

मग भिशीत जमतं किती? केंद्र सरकारच आरोग्य खर्चाचा हिशोब काढतं, त्यात २०२१-२२ साली केंद्र आणि राज्यं मिळून सगळी सरकारं आरोग्यावर जीडीपीच्या १.८४ टक्के खर्च करत होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांवर नेऊ, आणि राज्यांनी आपल्या बजेटचे ८ टक्के तरी आरोग्यावर खर्चावेत. २०२५ येऊन गेलं. त्याच हिशोबात अजून एक आकडा आहे, लोकांच्या खिशातून थेट जाणारा पैसा. २०१३-१४ मध्ये आरोग्यावर होणाऱ्या दर १०० रुपयांतले ६४ रुपये लोकांच्या खिशातून जायचे, २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. सुधारणा आहे, मान्य करायला हवी. पण शंभरातले ३९ अजून खिशातूनच जातात, आणि त्यात मोठा वाटा अ‍ॅडमिट न होता घेतलेल्या औषधांचा असतो हे मला आकडेवारीतून शोधायची गरज नाही, ते पैसे माझ्या गल्ल्यात येतात.

आता कुणी म्हणेल औषधावरचा जीएसटी कमी केला की. हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली आणि स्वतः काढलेल्या हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के तर पूर्ण गेला. चांगलंच झालं. पण ज्या बाईला चार गोळ्याच घ्यायच्यात तिला त्यात काही पैसे सुटतात, बस तेवढंच. आणि पॉलिसी काढणारा वर्ग तर वेगळाच.

पैसा कमी आहे हे झालं एक. दुसरं म्हणजे आहे तो पैसा औषधापर्यंत कसा जातो, आणि याबद्दल तामिळनाडूकडून शिकण्यासारखं आहे. तिथे १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. सगळ्या राज्याची खरेदी एकत्र, त्यामुळे भाव पडतो. जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, गोदामात किती माल आहे ते कॉम्प्युटरवर, आणि माल आला की लगेच वाटायचा नाही, आधी सॅम्पल लॅबमध्ये तपासायला जातं. सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे पासबुक. प्रत्येक सरकारी दवाखान्याला बँकेसारखं पासबुक दिलेलं असतं, त्यात वर्षाची रक्कम जमा, आणि दवाखाना आपल्याकडे कुठले पेशंट जास्त आहेत ते बघून गोदामातून आपल्याला हवं ते औषध उचलतो, तेवढी रक्कम पासबुकातून वजा. म्हणजे वरून कुणीतरी सगळ्यांना सारखेच खोकल्याच्या औषधाचे खोके पाठवलेत आणि बीपीची गोळी नाहीच, असं व्हायची शक्यता कमी होते. मी स्वतः माझं दुकान असंच चालवते की. कुठलं औषध किती खपलं त्यावरून ऑर्डर, आठ दिवसांचा माल उरला की होलसेलरला फोन. यात रॉकेट सायन्स काही नाही. राजस्थानने तामिळनाडूचं बघून २०११ च्या गांधी जयंतीपासून सरकारी दवाखान्यात मोफत औषधं सुरू केली, आणि राजस्थान काही आपल्यापेक्षा श्रीमंत राज्य नाही.

आपल्याकडे खरेदीचं काम आधी हाफकिन या राज्य सरकारच्याच महामंडळाकडे दिलं, मग २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण केलं. दर काही वर्षांनी पाटी बदलते, मधल्या काळात टेंडर लटकतं, पुरवठादाराचं जुनं बिल थकलेलं असतं म्हणून तो नवीन माल देत नाही (मीही देणार नाही), मग स्थानिक खरेदी करा असं सांगतात, त्याला थोडेच पैसे मिळतात, आणि मार्च एंडला उरलेला निधी घाईघाईत संपवायचा. माझ्याकडे सरकारी दवाखान्यातून येणाऱ्या चिठ्ठ्या मी बघते ना. केसपेपरवर लिहिलेली चार औषधं, त्यातली दोन तिथे मिळाली, उरलेली दोन वेगळ्या कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर. त्यावर ना शिक्का ना डॉक्टरची सही. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथला फार्मासिस्ट माझ्यासारखाच माणूस आहे, खिडकीवर दोनशे लोक आणि मागे रिकामं कपाट, शिव्या मात्र त्यालाच.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार सगळं मोफत केलं, केसपेपरचे पैसेसुद्धा बंद. तो निर्णय खरंच मोठा होता. पण मोफत केलं की गर्दी वाढणार, गर्दी वाढली की औषध जास्त लागणार, मग औषधाचं बजेटही त्याच दिवशी वाढायला नको का? शिवाय हा निर्णय महापालिकेच्या दवाखान्यांना नव्हता, मेडिकल कॉलेजांनाही नव्हता. नाशिकमध्ये बघा, सिव्हिल राज्य सरकारचं, गावातली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, शहरातले दवाखाने महापालिकेचे, सातपूरचं हॉस्पिटल कामगार विम्याचं. प्रत्येकाचं बजेट वेगळं, औषधाचा साठा वेगळा, नियम वेगळे. सुरगाण्याहून एसटीने सीबीएसला उतरलेल्या बाईला यातलं काय कळणार? तिला फक्त पांढरी बिल्डिंग दिसते, आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलेलं कळतं.

थायलंडचं उदाहरण वाचलं तेव्हा मला याच गोष्टीचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. तिथे २००१-०२ मध्ये सगळ्यांसाठी योजना आणली, लोक तिला ३० बातची योजना म्हणतात, बात म्हणजे तिथलं चलन, दवाखान्यात गेलं की एवढेच द्यायचे. १९९७ ला त्यांचं अर्थकारण कोसळलं होतं, म्हणजे हातात पैसा खुळखुळत होता म्हणून केलं असं नाही. पैसा करातून. आणि मुख्य म्हणजे पैसा माणशी ठरतो, तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात जितक्या लोकांची नावं नोंदली तितक्या डोक्यांचे पैसे वर्षाला त्या भागाला मिळतात, त्यात ओपीडी आली, गोळ्या आल्या, तपासण्या आल्या. मग त्या दवाखान्यालाच वाटणार की माझ्या माणसाचं बीपी आटोक्यात राहिलं पाहिजे, कारण तो बिघडला की खर्च वाढणार. आपल्याकडे उलटं आहे. नाना गोळी घेत होते तोपर्यंत त्यांच्यामुळे कुणालाही एक रुपया मिळत नव्हता, आणि आयसीयूत गेले तेव्हा पॅकेज सुरू झालं. कुणी मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण पैशाची वाटच तशी आखली आहे.

सरकारने मनावर घेतलं की होतं हे आपण पाहिलंय. २०१७ च्या फेब्रुवारीत हृदयाच्या स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, जो स्टेंट लाखाच्या वर लावत होते तो तीस हजारांच्या आत आला. एका आदेशाने. आणि पैसा कुठून आणायचा म्हणाल तर २०१८ पासून इन्कम टॅक्सवर ४ टक्के सेस आहे, त्याचं नावच आरोग्य आणि शिक्षण सेस. त्यातला आरोग्याचा वाटा जिल्ह्याच्या औषध साठ्याला किती मिळाला हे दरवर्षी जाहीर करा, नाशिक जिल्ह्याचा आकडा वेगळा छापा, एवढं मागणं जास्त आहे का?

हाताबाहेरचं काही मी मागत नाहीये. बीपी, शुगर, थायरॉईड, फिट, दमा, मनाच्या आजाराच्या गोळ्या, एवढी पंधरा-वीस औषधं आहेत जी बंद पडली की माणूस थेट हॉस्पिटलमध्ये जातो. या औषधांचा तीन महिन्यांचा साठा प्रत्येक केंद्रात कायम राहिलाच पाहिजे असा नियम करा, त्याच्या खाली गेला की तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जाऊ दे. ज्याचं बीपी स्थिर आहे त्याला एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, दर महिन्याला जीपचे चाळीस रुपये आणि बुडालेली मजुरी कशाला. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर आशाताई जातातच, त्यांच्या पिशवीतून या गोळ्या घरपोच जाऊ शकतात, फक्त त्या कामाचा मोबदला त्यांना वेळेवर द्या, सात-सात महिने लटकवून नव्हे. आणि दवाखान्याच्या बाहेर फळ्यावर रोज लिहा, कुठली गोळी आहे, कुठली नाही. रेशन दुकानाबाहेर धान्याचा फलक लावतात ना, तसाच.

माझ्या ओळखीचे काही दुकानदार म्हणाले, ताई तुम्ही स्वतःच्याच धंद्याविरुद्ध लिहिताय. मला तसं वाटत नाही. ज्याला परवडतं तो माझ्याकडे येईल. पण कात्री काढायला लागणारं गिऱ्हाईक कमी झालं तर मला आनंदच होईल, त्या चार गोळ्या कापताना हात जड होतो हो.

सिंहस्थ जवळ आलाय. रस्ते, घाट, पूल, सगळीकडे कामं काढलीत, कोट्यवधींची टेंडरं निघतायत. भाविकांसाठी तात्पुरते दवाखाने उभे राहतील, औषधांचे साठे येतील, ते यायलाच पाहिजेत. पण त्याच पैशातून जिल्ह्यासाठी एक नीट औषध गोदाम होऊ दे, लसी-औषधं थंड ठेवायच्या सोयीसकट, कॉम्प्युटरवर साठा दिसणारं, जे कुंभ संपल्यावरही इथेच राहील. आणि त्याच्या देखभालीचे पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवा. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरात महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसच्या वर माणसं गेली. त्या दिवशी माझ्या दुकानासमोरून रडत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. टाकी होती, ऑक्सिजन होता, तरी ते झालं. तेव्हापासून नुसती नवीन बिल्डिंग आणि फीत कापायचा फोटो बघून माझं समाधान होत नाही.

शेवटी तुम्हालाच एक विनंती आहे. तुमच्या वार्ताहराला एका सोमवारी सकाळी, नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीजवळ दोन तास उभं करा. अधिकाऱ्यांना आधी कळवू नका. कुणाची मुलाखत घ्यायची गरज नाही, फक्त मोजायचं, किती जणांना लिहून दिलेली सगळी औषधं मिळाली आणि किती जण हातात कोरी चिठ्ठी घेऊन बाहेर पडले. दर महिन्याला वेगळं केंद्र घ्या आणि तो आकडा पेपरात छापा, कांद्याचा भाव छापता तसा. नाना अजूनही पेपर वाचतात, डाव्या हाताने पान उलटतात. ते रोज बघतील.

आपली,
एक मेडिकल दुकानदार, सिडको, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)